बिनव्याजी अंगाई

बाळ महत्प्रयासाने झोपतं, आई चवड्यांवर चालत खोलीबाहेर येते, श्वास रोखून दार लोटते, आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजतो. तो फोन बँकेचा असतो. हा निसर्गनियम आहे. कुठल्या पुस्तकात छापलेला नाही एवढंच.

त्या दुपारीही तो वाजला. तिने झडप घालून उचलला आणि 'नको आहे' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडचा तरुण आवाज म्हणाला, "नमस्कार मॅडम, कशा आहात तुम्ही?"

आता हा प्रश्न विचारण्याचा त्या आवाजाला पगार मिळतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगली पदवीधर बाई होती. पण बऱ्याच दिवसांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. दूधवाला 'सुट्टे आहेत का' विचारायचा. सासूबाई फोनवर 'बाळ कसं आहे' विचारायच्या. बाळ सात महिन्यांचं असल्यामुळे काहीच विचारत नव्हतं. तेव्हा 'नको आहे'ऐवजी तिच्या तोंडून "बरी आहे" असं गेलं, आणि तिथेच घात झाला. बँकेच्या माणसाला 'बरी आहे' सांगणं म्हणजे विक्रेत्याला घरात घेऊन पंखा लावून देण्यासारखं आहे.

"मॅडम, दुसऱ्या एखाद्या बँकेच्या कार्डावर तुमची काही थकबाकी आहे का? ती आमच्या कार्डावर आणलीत, तर वर्षभर व्याज शून्य टक्के. याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात."

थकबाकी आहे का! ती मनातल्या मनात हसली. घरात दुसरं होतं काय?

बाळ वेळेच्या आधी जगात आलं होतं, आणि आल्याबरोबर काचेच्या पेटीत राहायला गेलं होतं. त्या पेटीचं भाडं चांगल्या हॉटेलच्या तोंडात मारील असं होतं. ते सगळं नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर गेलं. बाळ घरी आलं, गुबगुबीत झालं, त्याचं नाव भोपळू पडलं. पण कार्डावरची रक्कम भोपळूपेक्षा जलद बाळसं धरत होती. दर महिन्याला पैसे भरावेत आणि व्याजाने ते गिळून 'आणखी आहे का?' म्हणून ताट पुढे करावं. शेवटी नवऱ्याने दूरच्या एका पुलाच्या बांधकामावर मोजणीचं काम धरलं. पगार दीडपट, राहायला पत्र्याची खोली. जाताना म्हणाला, "कार्ड फिटलं की त्या दिवशी परत." म्हणजे तिच्या लेखी कार्डावरचा आकडा हा पैशांचा आकडा नव्हताच. नवरा घरी यायला किती उरलं, त्याचा तो आकडा होता. आणि आता कोणीतरी सांगत होतं की तो वाढणं थांबू शकतं.

"कागदपत्रं पाठवा," ती जमेल तेवढ्या करड्या आवाजात म्हणाली. "मी वाचल्याशिवाय काही करत नाही."

ही पोकळ धमकी नव्हती. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो लोक खोकं उघडताच फेकून देतात, त्याची छपाईपूर्व तपासणी करणं हा तिचा धंदा होता. आताही भोपळू झोपलं की ती घरबसल्या तेच करायची. 'क्वचित प्रसंगी चक्कर, मळमळ किंवा मृत्यू' यातला स्वल्पविराम तिने एकदा जागेवर आणला होता, आणि ऑफिसात त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं. मुंगीच्या पावलाएवढं अक्षर ती भिंगाशिवाय वाचायची. बारीक अक्षरात कोणी आपल्याला फसवेल, हे तिला स्वतःचा अपमान वाटण्याजोगं होतं.

कागद आले. तिने ते सगळे वाचले. शून्य टक्के पहिल्या पानावर कलिंगडाएवढं छापलं होतं, आणि कुठेतरी आत, तळटीपेच्या तळाशी, 'व्यवहार शुल्क शेकडा तीन, अधिक कर' हे मोहरीएवढं. तिला शिकार सापडल्याचा आनंद झाला. तिने हेल्पलाइनला फोन लावला. भोपळू तेव्हा तिच्या कडेवर बसून भोंगा वाजवत होतं.

"व्याज शून्य आहे ना?"

"हो मॅडम, शून्य."

"मग हे शेकडा तीन काय आहे?"

"ती फी आहे मॅडम."

"कशाची?"

"बॅलन्स ट्रान्सफरची."

"म्हणजे व्याज न घेण्याचे तुम्ही पैसे घेता."

"मॅडम, व्याज वेगळं आणि फी वेगळी."

"माझ्या पाकिटातून जाताना दोन्ही एकाच भोकातून जातात हो."

"मॅडम, मी तुम्हाला एक मिनिट होल्डवर ठेवू का?"

आणि संगीत सुरू झालं. कसलीशी बासरी, तिच्यामागे टुण् टुण् असं काहीतरी. तेच तेच चार सूर पुन्हा पुन्हा. मध्येच एक बाई सांगत होती, 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' ती ऐकतच राहिली. हल्ली तिचं काहीही कोणासाठी महत्त्वाचं असल्याचं इतक्या ठामपणे कोणी सांगितलं नव्हतं. मग एकदम लक्षात आलं की कानाजवळचा भोंगा बंद पडलाय. भोपळूने तिच्या खांद्यावर मान टाकली होती. दोनदा पापण्या फडफडल्या, आणि ज्या बाळाला झोपवायला घरादाराच्या अंगाया, झुलवणं, थोपटणं, नळ सोडून ठेवणं, मिक्सर लावून ठेवणं, सगळं करून झालं होतं, ते बाळ बँकेच्या होल्डवर गाढ झोपलं.

"थांबल्याबद्दल धन्यवाद मॅडम," आवाज परत आला.

"अहो हळू!" ती कुजबुजली. "पुन्हा होल्डवर ठेवता का जरा?"

शेजाऱ्यांना सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण जिने आणि भिंती यांच्यापुढे कोणाचं चालतं? वरच्या मजल्यावरच्या मावशी इस्त्रीचे कपडे हातात घेऊनच दारात उभ्या राहिल्या. त्या आल्या की निदान अर्धा तास घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असायचा, म्हणून ती त्यांना कधी लवकर जाऊ द्यायची नाही.

"मी सांगू का?" मावशी म्हणाल्या. "या खोलीतला पसारा उचलून त्या खोलीत टाकला, तर घर आवरलं असं होतं का गं?"

"पण मावशी, त्या खोलीत भाडं नाही ना वर्षभर."

"आणि पसारा उचलणाऱ्या हमालाचं काय? तीच तुझी फी." मावशींनी आपलं म्हणणं इस्त्रीच्या कपड्यांसारखं घडी घालून ठेवलं. "आमच्या यांनी आयुष्यात कार्ड वापरलं नाही. रोख नसेल तर घ्यायचंच नाही म्हणायचे."

"काका तुमच्याकडून उसने घ्यायचे," समोरच्या दारातून आवाज आला. "तुम्हीच सांगितलंत."

हे समोरचे सल्लागार. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सल्ला मागण्याची वाट पाहण्याइतका धीर त्यांना कधीच नव्हता. ते सरळ आत आले, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक चढती रेघ काढली, एक उतरती काढली, आणि जिथे त्या एकमेकींना कापत होत्या तिथे पेन्सिल टेकवून म्हणाले, "हे बघ पोरी, इथे तू आहेस."

ती तिथे कशी आहे हे तिला कळलं नाही. पण आपण कुठेतरी आहोत, हे ऐकून बरं वाटलं.

"आणि फीमध्ये घासाघीस करायची. जगात कुठलीही पहिली किंमत खरी नसते."

म्हणून तिने फोन करून विचारलं, "दोन टक्क्यांत होईल का?" पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही बँकेला फोन केलाय हे लक्षात आहे ना?" तिचा अपमान झाला. अर्थात, भाजीवालीकडे आजवर झालेल्या अपमानांपेक्षा सौम्यच.

मग ती खरोखरच हिशेबाला बसली. पदवी होती, कॅल्क्युलेटर होता, आणि भोपळूसाठी बासरी चालू होती. जुन्या कार्डाचं वर्षाचं व्याज एका बाजूला, फी आणि कर दुसऱ्या. फी भरूनही व्याज कितीतरी पटीने वाचत होतं. वाचलेलं व्याज नवऱ्याच्या पगारात मोजलं, तर तो दोन महिने आधी घरी. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दोनच महिने आले. मावशींचा हमाल महाग होता, पण सामान दोन महिने आधी पोचवणार होता.

तिने होकार दिला. तिच्या नोकरीच्या दिवसांतलं कार्ड शून्य टक्केवाल्या त्याच बँकेचं होतं. त्या बँकेने नवऱ्याच्या जुन्या कार्डाचे पैसे चुकते करायचे आणि कर्ज तिच्या नावावर घ्यायचं. नवऱ्याला मात्र तिने सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं.

साइटवर रेंज यायची ती फक्त टेकडीवर, आणि टेकडीवर जायला वेळ मिळायचा तो फक्त रविवारी. सुरुवातीला एका रविवारी दोघांचं पैशांवरून भांडण झालं, आणि ते अगदी रंगात आलं असताना फोन कट झाला. अर्धवट भांडण आठवडाभर उघडं पडून राहिलं. दोघांनी आपापल्या गावी बसून त्यात रोज भर घातली. पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा दोघंही इतके थकले होते, की त्यांनी एक नियम केला: फोनवर फक्त चांगलं बोलायचं. पैसे नाहीत, काळज्या नाहीत, रडगाणं नाही.

नियम छान होता. फक्त तेव्हापासून त्यांचं बोलणं शाळेतल्या निबंधासारखं झालं. 'इकडची हवा छान आहे.' 'भोपळू छान आहे.' 'जेवलास का?' 'छान जेवलो.' फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, आपण एका छान माणसाशी बोललो, पण नवरा काही भेटला नाही.

तेव्हा तिने ठरवलं की कार्ड साफ झालं, आकडा दिसला, की मग सांगायचं. एकदम चांगलीच बातमी. नियमातही बसेल.

आता सल्लागारांनी बजावलं होतं, "फी अंगावर ठेवू नकोस. लगेच फेकून मार त्यांच्या तोंडावर." तिने नेमकी फीएवढीच रक्कम त्याच दिवशी भरली आणि भोपळूला टाळ्या वाजवून दाखवल्या. महिन्याअखेरीस हिशेब आला. फी जागच्या जागी! वर फीच्या मांडीवर कोवळं, नुकतंच जन्मलेलं व्याज.

"मी फी भरलीय," ती हेल्पलाइनला म्हणाली.

"नाही मॅडम, तुम्ही मूळ रकमेतले पैसे भरलेत. भरलेले पैसे आधी बिनव्याजी रकमेला जातात. फीवर नेहमीचं व्याज चालू आहे."

"पण मी ते फी म्हणून भरले होते!"

"पैशांना ते माहीत नसतं, मॅडम."

तिने कागद काढले. हे वाक्य होतं. ते तिने वाचलं होतं, त्याखाली पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती, आणि तपासनीसाच्या सवयीने समासात लिहिलं होतं, 'शुद्धलेखन ठीक'. वाक्याचा अर्थ काय, ही तिच्या खात्याची बाब कधी नव्हतीच. आणि बातमी आता निव्वळ चांगली उरली नव्हती, म्हणून रविवारी ती नवऱ्याला सांगायची राहिली.

त्यानंतर एकदा दुकानात भोपळूने तिचा चष्मा हिसकावला, मागे रांग खोळंबली, आणि गडबडीत तिच्या हाताला तेच बिनव्याजी कर्जाचं कार्ड लागलं. त्यावर डायपरची थैली आली. नव्या खरेदीला शून्य टक्के लागू नव्हते. म्हणजे हप्त्याने घर घेतात, गाडी घेतात, तसे तिने डायपर घेतले, जे परतफेड सुरू होण्याच्या आतच कचऱ्यात गेले. या धक्क्याने ती इतकी सावध झाली, की पुढचा हप्ता तिने मुदतीच्या पुष्कळ आधी भरून टाकला. बँकेने तो मागच्या महिन्यात जमा धरला आणि या महिन्याचा न भरल्याबद्दल विलंब शुल्क लावलं. जगात घाई केल्याबद्दल उशिराचा दंड झालेली ती बहुधा एकमेव बाई असावी. मग तिने अशी काही गयावया केली, की पलीकडच्या मुलाने तो दंड माफ करवून घेतला आणि वर म्हणाला, "मॅडम, रडू नका ना."

"रडत नाहीये. सर्दी झालीय."

"आणखी काही मदत करू शकतो का?"

फोनच्या शेवटी ते नेहमी हे विचारायचे, आणि ती नेहमी काहीतरी शोधून काढायची. तुमच्याकडे पाऊस आहे का? ही बासरी कोणी वाजवलीय? 'नाही' म्हटलं की फोन ठेवतात, आणि फोन ठेवला की फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागतो. हल्ली भोपळूच्या झोपेच्या वेळी तिचं काही काम नसलं तरी ती नंबर लावायची, भाषेसाठी एक दाबायची, तक्रारीसाठी चार, आणि रांगेत उभी राहायची. मायलेकरं एकमेकांना टेकून बासरी ऐकायची. त्या बाईचा निरोप तिला आता पाठ झाला होता. 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' ती तिच्या सुरात सूर मिसळून म्हणायची.

एकदा मनाला उभारी यावी म्हणून तिने जुन्या बँकेला फोन लावला. जुनं कार्ड नवऱ्याचं, तिच्याकडे त्याचं जोडकार्ड. तेवढी माहिती तिला मिळत असे. तिला कोणाच्या तरी तोंडून फक्त 'शून्य' ऐकायचं होतं. हौस म्हणा.

"मॅडम, तुमची थकबाकी शून्य नाही."

"अजून उरलीय?"

"नाही, उलट आहे. तुमचेच पैसे आमच्याकडे जास्त जमा आहेत. जवळजवळ पूर्ण थकबाकीएवढे. रक्कम दोनदा आलीय."

"दुसऱ्यांदा कोणी भरली?"

"ते जोडकार्डवाल्यांना सांगता येत नाही. मूळ कार्डधारकालाच."

माणसाचे पैसे हरवले तर तो घाबरतो. तिला पैसे सापडले होते, आणि ती त्याहून जास्त घाबरली. मावशी म्हणाल्या, "गप्प बस आणि ठेवून घे. देव देतो तेव्हा पावती मागू नये." सल्लागार मात्र गंभीर झाले. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी. "काळा पैसा," ते म्हणाले. "असंच करतात. गरीब बापड्यांच्या खात्यात आणून टाकतात. उद्या दारात माणसं येतील. कोणाला काही बोलू नकोस." आणि ते ही गोष्ट जिन्यातल्या सगळ्यांना सांगायला गेले.

तिला स्वतःला वेगळंच वाटत होतं. तिच्या डोळ्यांपुढे कोणीतरी एक बाई आली. कुठल्यातरी खोलीत, कडेवर मूल घेऊन, एका हाताने कार्डाचा नंबर टाकणारी. एक आकडा चुकलेली. आता तीही कुठल्यातरी हेल्पलाइनवर ताटकळत असेल. तिचाही माणूस कुठे लांब असेल. या बाईची तिला इतकी दया आली, की ती भोपळूला बाबागाडीत घालून तडक जुन्या बँकेच्या शाखेत गेली.

शाखेला पायऱ्या होत्या. पहारेकरी आणि ती मिळून बाबागाडी उचलू लागले. त्याने पुढचं टोक जास्त उचललं, तेव्हा भोपळू मागे, बाटली पुढे आणि दूध मधोमध असं तिघांचं स्थलांतर झालं. टोकन घेतलं. तिची पाळी आली तेव्हा भोपळूने भोंगा सुरू केला. तिने इलाज म्हणून फोन काढून दुसऱ्या बँकेच्या होल्डची बासरी लावली. जुन्या बँकेच्या शाखेत नव्या बँकेची बाई मोठ्याने सांगू लागली, 'आमच्या आकर्षक योजनांसाठी...' सगळी रांग वळून पाहू लागली.

खिडकीमागच्या साहेबांनी चष्मा खाली केला. "बंद करा ते."

"बंद केलं तर हे चालू होईल," तिने भोपळूकडे बोट केलं. साहेबांनी विचार केला आणि चष्मा परत वर केला.

"साहेब, तुमच्याकडे कोणाचे तरी पैसे चुकून आमच्या कार्डावर आलेत. ज्यांचे असतील त्यांना परत करा."

साहेबांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदाच आलं असावं. त्यांनी संगणकात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा संगणकात पाहिलं, आणि का कोण जाणे, किंचित हसले. "बाई, तुम्ही घरात जरा बोला. मूळ कार्डधारकाने स्वतः यायचं. ओळखपत्र आणायचं, समोर सही करायची. मग रक्कम परत मिळते."

"ते फार लांब असतात."

"मग राहू द्या इथेच. पैसे नासत नाहीत."

घरात बोला! घरात बोलायला होतं कोण? परत येताना पायऱ्यांवर तिला रडू आलं, पण पहारेकऱ्याने बाबागाडीचं टोक धरलं होतं, आणि रडता रडता गाडी तिरकी होते, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

रविवार आला. तिने मनाशी पक्कं केलं होतं की नियम मोडायचा आणि सगळं सांगायचं. फोन वाजला.

"कशी आहेस?"

"छान," तोंडातून सवयीने गेलंच. "तू?"

"छान. हवा छान आहे."

दोघांकडेही काहीतरी होतं आणि दोघंही ते पाठीमागे लपवून उभे होते. तेवढ्यात भोपळूने तोंड वासलं.

"काय झालं त्याला?" तो म्हणाला. "फोन स्पीकरवर टाक बघू. त्याच्याजवळ धर. मी काहीतरी म्हणतो."

नवऱ्याला गाता येत नव्हतं. तो आजवर गायला नव्हता. पण तो गुणगुणू लागला. बेसूर, अडखळत, तेच तेच चार सूर पुन्हा पुन्हा, आणि मध्येच जिभेने टुण् टुण्.

भोपळू थांबलं. त्याने मान टाकली. पापण्या दोनदा फडफडल्या.

तिने फोन कानाला लावला. "ही चाल तू कुठे ऐकलीस?"

"कुठे नाही, असंच."

"असंच कसं? ही त्या बँकेची होल्डची धून आहे."

टेकडीवरचा वारा ऐकू आला. मग तो सावकाश म्हणाला, "तुला कशी माहीत?"

"तू आधी सांग."

"ते... कँटीनच्या बाहेर त्यांचा माणूस टेबल टाकून बसला होता गं. म्हणाला शून्य टक्के. मी मोजलं, तर दोन महिने आधी घरी येत होतो. म्हटलं, सगळं झालं की एकदम चांगली बातमी..."

जिच्यासाठी ती आठवडाभर हळहळली, ती कडेवर मूल घेतलेली बाई पुलावर हेल्मेट घालून मोजणी करत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि गावाला वळसा मारायला बाबागाडीसुद्धा नेली होती.

"अरे गाढवा," ती म्हणाली, आणि नियम मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. "तेच मीसुद्धा केलंय. त्याच बँकेत. आपण एकच कर्ज दोनदा फेडलं!"

"म्हणजे फी?"

"दोनदा."

"शेकडा तीन?"

"अधिक कर."

तो हसायला लागला. ती हसायला लागली. कोण कोणाला हसतंय ते कळेना. हसता हसता तिने डायपरचं सांगितलं, लवकर भरलेल्या हप्त्याचा दंड सांगितला, सल्लागारांचा काळा पैसा सांगितला. त्याने सांगितलं की फी लगेच भरून टाकावी असं त्यालाही वाटलं होतं आणि पैशांना ते त्याच्याही बाबतीत माहीत नव्हतं.

"पण तुला हेल्पलाइन लागायची कुठून? तिथे तर रेंज नाही."

"साइट ऑफिसात एक फोन आहे. त्यावरून फक्त फुकटचे नंबर लागतात. घर लागत नाही, बँक लागते." तो जरा थांबला. "जेवणाच्या सुट्टीत लावायचो. काम नसलं तरी. ते विचारतात ना, कसे आहात."

दुपारी भोपळू झोपायचं त्याच वेळी तिथे जेवणाची सुट्टी व्हायची. दोघंही एकाच रांगेत, एकच बासरी ऐकत उभे होते, आणि ती बाई दोघांनाही सांगत होती की तुमचा फोन महत्त्वाचा आहे.

"मला इथे मुळीच छान वाटत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही."

"हवासुद्धा भिकार आहे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. नवरा भेटला होता.

मग तिने साहेबांचं सांगितलं. रक्कम परत घ्यायची, दोनातलं एक कार्ड त्यातून फेडून टाकायचं, तर मूळ कार्डधारकाची सही लागणार.

"पोस्टाने पाठवू?"

"चालत नाही."

"फोनवर?"

"समोर. ओळखपत्र घेऊन. स्वतः."

"दुसरा काहीच मार्ग नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"मागे साइटच्या साहेबांकडे रजा मागायला गेलो होतो," तो म्हणाला. "घरची आठवण येते म्हटलं. तर म्हणाले, सगळ्यांनाच येते. पण बँकेचं काम आहे म्हटलं तर... त्यांचंही कार्ड आहे गं. त्यांनाही त्या टेबलवाल्याने गाठलंय. बँकेच्या कामाला ते नाही म्हण..." आणि फोन कट झाला.

या वेळी जे अर्धवट राहिलं ते भांडण नव्हतं, एवढंच.

हिशेब मात्र हिशेबाच्या जागी होता. दुसरी फी, फीवरचं व्याज, व्याजावर घेतलेले डायपर आणि येण्याजाण्याचं भाडं वजा केलं, तेव्हा दोन महिन्यांचा पंधरवडा उरला. चार दिवस येऊन तो परत जाणार होता आणि फ्रीज पुन्हा आवाज करणार होता. मावशी म्हणाल्या, "एवढी फी भरून काय मिळवलंस गं?" ती उठली. उशीचे अभ्रे धुवायचे होते.

त्याचा निरोप आला, रजा मंजूर. तरी खात्री असावी म्हणून तिने जुन्या बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला.

"मूळ कार्डधारकाला स्वतःच यावं लागेल ना?"

"हो मॅडम. नाइलाज आहे. तुमची गैरसोय होतेय, त्याबद्दल आम्ही माफी मागतो."

"ऑनलाइन वगैरे काही होणार नाही?"

"नाही मॅडम."

"नक्की? आयत्या वेळी नियम बदलणार नाहीत तुम्ही?"

"नाही मॅडम, फार जुना नियम आहे. खरंच माफ करा."

"अहो माफी कसली मागताय," ती म्हणाली. "उत्तम नियम आहे. तसाच ठेवा."

पलीकडची मुलगी गोंधळली. मग सावरून तिने नेहमीचं विचारलं, "आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

तिने खोलीभर नजर फिरवली. दारामागे त्याच्या चपला होत्या, त्यांच्यावरची धूळ पुसायची राहिली होती. भोपळूला बाबा म्हणजे फोन नव्हे, हे समजावायचं होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि बँकेच्या आधी तिनेच फोन ठेवला.